विचारा बिनधास्त : चादरीवर न टिकलेला निळा

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो होतो की डांबरातून रंग काढायचं खूळ जर्मनांनी फॅक्टरीत आणलं आणि आपल्या सोलापूरच्या चादरीपर्यंत पोचवलं. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आणि दोन-चार चक्क हातानं लिहिलेली पत्रं आली की हा सगळा अंक त्यातच जाणार असं दिसतंय. मी काही प्रोफेसर नाही, ३२ वर्षं डायहाऊसमध्ये रंग विरघळवायच्या हायड्रोसचा वास खात काढलीत, त्यामुळं सांगणार ते रंगाऱ्याच्या बाजूनंच. चालवून घ्या.

काका, मी डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांचं छोटं डाईंग आहे, सूत रंगवून देतात. लॅबमध्ये मिथिलीन ब्ल्यूची बाटली असते, तिचा फोटो बाबांना दाखवला तर म्हणाले, अगं हा तर आमच्या धंद्यातला रंग, कच्चा असतो, धुतला की गेला. आमच्या मॅडम म्हणतात हा स्टेन, म्हणजे स्लाइडवर पेशी रंगवायचा रंग आहे आणि औषध पण आहे. घरात रोज वाद. खरं कोण? आणि हा रंग काढला तरी कोणी?
— एक विद्यार्थिनी, साखर पेठ, सोलापूर

बाई, दोघंही खरं बोलतायत, आणि गंमत अशी की हा रंग ज्यानं काढला तो माणूस तुझ्या बाबांच्या जातकुळीतला होता, म्हणजे आधी कापड रंगवणारा आणि मग केमिस्ट. त्याचं नाव हाइनरिख कारो.

जन्म १८३४ चा, पोझेन गावचा, जे तेव्हा प्रशियात होतं आणि आता पोलंडमध्ये आहे. ज्यू कुटुंब, वडील धान्याचे व्यापारी. पुढं सगळे बर्लिनला आले, तिथं पोरगा व्यवसाय शिक्षणाच्या संस्थेत शिकला, म्हणजे आपल्याकडचं पॉलिटेक्निक समज. जोडीला युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीची लेक्चरं ऐकली, पण डॉक्टरेट वगैरे काही केली नाही, ती पुढं नाव झाल्यावर मानद मिळाली. आणि पहिली नोकरी कुठं धरली, तर १८५५ मध्ये म्युलहाइम गावात, कापडावर छपाई करणाऱ्या कारखान्यात. तेव्हा रंग म्हणजे मुळ्या, साली, पानं, तुरटी आणि अनुभव. मास्तर सांगेल तसं उकळायचं, बिघडलं की शिव्या खायच्या. हे वाचताना मला आमच्या डायहाऊसमधले जुने उस्ताद आठवतात, वजनकाट्याकडं न बघता मुठीनं रंग टाकायचे आणि शेड मात्र तंतोतंत यायची.

त्या कारखान्यानं त्याला नवीन काय चाललंय ते बघून ये म्हणून इंग्लंडला पाठवलं. आणि वेळ काय साधली बघ, १८५६ मध्येच लंडनला विल्यम पर्किन नावाच्या १८ वर्षांच्या पोरानं डांबरातल्या अ‍ॅनिलीनपासून पहिला जांभळा रंग काढला होता, मॉव्ह. दगडी कोळशापासून दिव्याचा गॅस काढला की मागं काळं चिकट डांबर उरायचं, ते कुठं टाकायचं हाच प्रश्न होता, आणि आता त्यातून रेशमाचा रंग निघायला लागला. कारो १८५९ ला परत मँचेस्टरला गेला आणि रॉबर्ट्स डेल नावाच्या कंपनीत लागला, पुढं तिथं भागीदारही झाला. १८६० मध्ये त्यानं पर्किनचाच मॉव्ह वेगळ्या वाटेनं, तांब्याचा क्षार वापरून काढला, म्हणजे पर्किनच्या पेटंटला वळसा. हे लक्षात ठेव, खाली एका वाचकानं चोरीचा प्रश्न विचारलाय तिथं लागणार आहे.

मँचेस्टरमध्ये लग्न केलं, इंग्रज बायको, सगळं बरं चाललं होतं. पण १८६६ ला तो जर्मनीत परतला, आणि १८६८ मध्ये ऱ्हाइन नदीकाठी लुडविगशाफेनला एका नवीन कंपनीत गेला. कंपनी तेव्हा तीनच वर्षांची, बाडिशे अ‍ॅनिलीन उंड सोडा फाब्रिक, म्हणजे आजची बीएएसएफ, जिच्या रंगांचे डबे तुझ्या आजोबांनी नक्की हाताळले असतील. तिथं पुढची २१ वर्षं संशोधनाचा सगळा कारभार त्यानं बघितला. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण एखाद्या रंगात नाहीच. युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरनं चमचाभर काढलेली वस्तू कारखान्यात घमेल्यानं आणि पुढं टनावारी कशी काढायची, हे त्याला जमायचं. प्रोफेसर लोकांशी सतत पत्रं चालायची, बायर नावाच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरबरोबर तर खूपच. दुसरा एक मित्र पेटर ग्रीस, हा इंग्लंडमध्ये बिअरच्या कारखान्यात केमिस्ट होता, आणि अ‍ॅझो रंगांच्या मागची डायझोची क्रिया त्यानंच शोधली. आपल्याकडं सुतावरच रंग तयार करायच्या नॅप्थॉलच्या जमान्यात डायझो थंड ठेवायला सायकलवरून बर्फाच्या लाद्या यायच्या ना, बाबांना विचार, ते सगळं त्या बिअरवाल्या ग्रीसपासून सुरू झालेलं आहे.

आता तुझी बाटली. १८७६ मध्ये कारोनं डायमिथिल अ‍ॅनिलीनपासून सुरुवात करून, मध्ये हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांच्या वासाचा गॅस आणि फेरिक क्लोराइड वापरून हा निळा काढला. पुढच्या वर्षी जर्मनीत पेटंटचा नवीन कायदा आला आणि १८७७ च्या डिसेंबरमध्ये याला पेटंट मिळालं, नंबर १८८६, साल नाही बरं का नंबरच तो. नव्या कायद्याखाली डांबरी रंगाला मिळालेलं हे पहिलं पेटंट. तेच १८७७ साल आपल्या जुन्या मिलचंही, तिचा भोंगा आणि हे पेटंट एका वयाचे. काढला होता कापडासाठीच, लॅबचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता.

पण डॉक्टर लोकांनी तो उचलला. रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये टीबीचा जंतू पहिल्यांदा दाखवला तो मिथिलीन ब्ल्यूनं रंगवून, आणि वरून तपकिरी वेसुविन दिला होता. तो वेसुविन म्हणजे मँचेस्टर ब्राऊन, कारो जिथं होता त्या रॉबर्ट्स डेलमध्येच निघालेला. पाउल एरलिखनं तर १८९१ मध्ये हा निळा मलेरियाच्या दोन पेशंटना दिला. रंगाला जंतू धरतो तर तोच रंग जंतूला मारेल का, असा त्याचा हिशोब.

आणि आता तुझ्या लॅबचंच सांगतो. रक्ताचा पातळ थर काचेवर पसरून स्मिअर करता तेव्हा लिशमन स्टेन टाकता ना? त्यात दोन रंग असतात, मिथिलीन ब्ल्यूच्या कुळातला निळा आणि गुलाबी इओसिन. इओसिनही कारोचाच, १८७४ चा, बायरच्या फ्लुओरेसिनवर ब्रोमिन चढवून केलेला. जंतू ओळखायच्या ग्रॅम स्टेनमधला क्रिस्टल व्हायोलेट? तो १८८३ चा, कारो आणि आल्फ्रेड केर्न या दोघांचा. बायोप्सीच्या स्लाइडला जो गुलाबी रंग असतो तो परत इओसिन. म्हणजे तुझ्या टेबलवरच्या रॅकमध्ये कारोच्या तीन बाटल्या आहेत आणि त्यानं त्यातली एकही लॅबसाठी केलेली नव्हती. बाबांना म्हणावं, तुमच्या धंद्यातला माणूस आमच्याकडं आलाय.

मी लूमवर काम केलंय ४० वर्षं. असले भारी रंग होते तर मग चादरीला का नाही वापरले? आणि कच्चा-पक्का हे नक्की कशावर ठरतंय?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

नमस्कार मामा, हा प्रश्न मला फार आवडला, कारण धंद्यात असूनही हे पुष्कळांना नीट सांगता येत नाही.

रंग कापडाला धरतो म्हणजे काहीतरी एकमेकांना ओढून धरतंय. मिथिलीन ब्ल्यू, क्रिस्टल व्हायोलेट ही बेसिक रंगांची जात, यांच्या अंगावर पॉझिटिव्ह चार्ज. लोकर आणि रेशीम म्हणजे प्रोटीन, त्यांच्यात निगेटिव्ह जागा भरपूर, तिथं हे रंग पटकन बसतात. कापूस म्हणजे नुसता सेल्युलोज, त्याच्याकडं यांना धरायला हातच नाहीत. म्हणून आधी सुताला टॅनिन द्यायचं, हिरड्यात-माजूफळात असतं ते, मग अँटिमनीचा क्षार, आणि मग रंग. एवढं करूनही उन्हात उडायचा आणि साबणात फिका पडायचा. म्हणजे तीनदा मेहनत करून रंग कच्चाच.

आणि आता त्या साखर पेठेतल्या मुलीची लॅब बघा. पेशीच्या केंद्रात जे न्यूक्लिक अ‍ॅसिड असतं ते निगेटिव्ह, जंतूचंही तसंच, त्यामुळं निळा तिथं जाऊन बसतो. लाल पेशीतलं हिमोग्लोबिन उलट स्वभावाचं, तिथं इओसिन बसतो कारण तो अ‍ॅसिड जातीचा रंग. जो निवडकपणा कापडाच्या धंद्यात दुर्गुण होता, हे धरतं आणि ते धरत नाही, तोच लॅबमध्ये कामाचा. सगळीकडं सारखा बसणारा रंग असता तर स्लाइडवर नुसता निळा डाग दिसला असता.

गिरणीत तुम्ही बघितलं असेल, वेगवेगळ्या काउंटचं (जाडीचं) सूत ओळखू यावं म्हणून मुद्दाम धुतल्यावर जाणारा टिंट मारायचे. कच्च्या रंगालाही धंद्यात जागा होतीच की.

चादरीला जे पक्के रंग आले ते वेगळ्या घराण्यातले. व्हॅट रंगांमध्ये रंग हायड्रोस आणि कॉस्टिकमध्ये विरघळवून सुताच्या आत घालायचा आणि मग हवेत परत न विरघळणारा करायचा, म्हणजे चोर आत कोंडून दाराला कुलूप. त्यातलं इंडंथ्रीन हे १९०१ चं, त्याच बीएएसएफमध्ये रेने बोन यानं काढलेलं, कारो निवृत्त झाल्यावर. लहानपणी गुडघा फुटला की जांभळं औषध लावायचे ते आठवतंय? ते क्रिस्टल व्हायोलेटच. चड्डीला लागलं की आई ओरडायची निघत नाही म्हणून, आणि आम्ही मात्र त्याला कच्चा रंग म्हणायचो. चार धुण्यात निघतोच तो, पण आईला कोण सांगणार.

सर, मी शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकात वाचलं की कृत्रिम अलिझरीनचं पेटंट जर्मनांनी पर्किनच्या फक्त एक दिवस आधी घेतलं. ही चोरी होती का? पर्किनवर अन्याय झाला असं मुलांना सांगायचं का?
— एक शिक्षिका, होटगी रोड, सोलापूर

बाई, चोरी नाही. पण गोष्ट सांगण्यासारखी आहे.

अलिझरीन म्हणजे मॅडरच्या मुळातला लाल. आपली मंजिष्ठा त्याच घराण्यातली. आपल्याकडं वह्यांच्या पुठ्ठ्याला लाल खारवा असायचा, तो आलच्या मुळीनं रंगवायचे, ती मूळ मॅडरची नाही पण रंगाची जात जवळची. युरोपात फ्रान्स आणि हॉलंडमध्ये मॅडरची केवढी शेती होती. फ्रेंच सैन्याच्या विजारी लाल कशामुळं, तर देशी मॅडरवाल्या शेतकऱ्यांना गिऱ्हाईक मिळावं हेही एक कारण.

१८६८ मध्ये बर्लिनला बायरच्या लॅबमध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोघांनी शोधलं की अलिझरीनचा सांगाडा म्हणजे अँथ्रासीन, जे डांबरात फुकट पडलेलं असतं. मग त्यांनी अँथ्रासीनपासून अलिझरीन करूनही दाखवलं. म्हणजे झाडाच्या मुळातला रंग माणसानं हुबेहूब बनवला, असं पहिल्यांदाच झालं. पण त्यांच्या पद्धतीत ब्रोमिन लागायचं, आणि ब्रोमिन एवढं महाग की त्यापेक्षा मुळ्या उकळलेल्या परवडल्या. ते दोघं हे घेऊन बीएएसएफमध्ये आले आणि काम कारोकडं गेलं.

अशी गोष्ट सांगतात की कारो अँथ्रासीनपासून निघणारं अँथ्राक्विनोन, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड एका बशीत तापवत बसला होता, काहीच होईना. तेवढ्यात कोणीतरी बाहेर बोलावलं आणि हा दिवा बंद करायचा विसरला. परत येऊन बघतो तर सगळं करपलेलं, पण कडेला गुलाबी पापुद्रा. म्हणजे जे तापमान मुद्दाम कोणी दिलं नसतं ते चुकून दिलं गेलं. आमच्याकडं असं करपलं की मुकादम पगारातून कापायचा, त्यानं त्यावर पेटंट घेतलं. मग पद्धत अशी ठरली की अँथ्राक्विनोन कडक सल्फ्युरिकमध्ये जबर तापवायचं, आणि जे निघेल ते कॉस्टिकबरोबर वितळवायचं. दोन्ही स्वस्त, ब्रोमिन गायब.

लंडनला पर्किन एकटा याच वाटेवर आला होता, कोणाचं न बघता. जर्मनांचा अर्ज लंडनच्या पेटंट ऑफिसात २५ जून १८६९ ला पडला, पर्किनचा २६ जूनला. दोघांनाही पेटंट मिळालं आणि कोर्टात न जाता त्यांनी बाजार वाटून घेतला, इंग्लंड पर्किनकडं आणि युरोप जर्मनांकडं. पर्किननं त्यात पैसे चांगले कमावले आणि १८७४ मध्ये कारखाना विकून परत संशोधनात गेला. त्यामुळं मुलांना अन्याय वगैरे सांगू नका. वळसा घालायचाच म्हणाल तर तो कारोनं मॉव्हच्या वेळी घातला होता, आणि तोही कायद्यात बसणारा.

आणि कारोचंही नंतर कोणी ऐकलं नाही बरं का. इओसिन काढला तेव्हा जर्मनीत धड पेटंट कायदाच नव्हता म्हणून कंपनीनं कृती गुप्त ठेवली. तर हॉफमान नावाच्या मोठ्या प्रोफेसरानं बाजारातून रंग घेतला, त्याची चिरफाड केली आणि १८७५ मध्ये त्यात काय आहे ते छापूनच टाकलं! झालं, सगळ्यांनी इओसिन करायला घेतला. हॉफमानला वाटलं विज्ञान सगळ्यांचं, कारोला वाटलं माझ्या खिशात हात घातला. पुढं पेटंटचा कायदा व्हावा म्हणून रंगवाल्यांनी जो जोर लावला त्यात कारो पुढं होता, हे काही उगीच नाही.

मरणाऱ्याचं म्हणाल तर मेले ते शेतकरी. थोड्याच वर्षांत फ्रान्समधली मॅडरची शेती बसली, आपल्याकडची आलची शेतीही संपत गेली. आणि त्या फ्रेंच विजारी? त्यांना पुढं जर्मन अलिझरीनचा लाल लागायला लागला. यावर मुलांना काय वाटतं ते विचारा, वर्गात मजा येईल.

रील्समध्ये लोक मिथिलीन ब्ल्यूचे थेंब पाण्यातून पितात, जीभ निळी दाखवतात, मेंदू तल्लख होतो म्हणे. आमच्या घराजवळ रंगाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. घेऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

नका घेऊ. रंगाच्या दुकानातला माल कापड-कागदासाठी असतो, त्यात धातूंची घाण असू शकते आणि तो पोटात जाईल असं धरून कोणी बनवलेला नसतो. औषध म्हणून हा वापरतात हे खरं, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून ऑक्सिजन नीट वाहून नेईनासं होतं त्या आजारात हॉस्पिटलमध्ये शिरेतून देतात, पण तो शुद्ध केलेला आणि मोजून. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या लाल पेशी यानं फुटतात, आणि ते कमी आहे हे पुष्कळांना माहीतच नसतं. डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असतील तर त्याच्याबरोबर हा जिवावर बेतू शकतो. लघवी हिरवी-निळी होते तो भाग वेगळा, त्यानं तरी निदान घाबरून डॉक्टरकडं जाल.

याच रंगाचा सांगाडा घेऊन पुढं खरंच मनाच्या आजारावरची औषधं निघाली, क्लोरप्रोमझीन वगैरे. पण सांगाडा तोच म्हणून औषध तेच होत नाही हो. वाळू तीच म्हणून वाड्याचं आणि गटाराचं बांधकाम एक होतं का?

खतातल्या फ्रँक-कारो पद्धतीचा कारो तो हाच का?
— एक शेतकरी वाचक, मोहोळ

नाही. तो निकोडेम कारो, १८७१ चा, कॅल्शियम सायनामाइड खतवाला. आडनाव एक, माणूस वेगळा. आपल्या हाइनरिखच्या नावाची वस्तू म्हणजे कारोज अ‍ॅसिड, १८९८ मधलं, म्हणजे निवृत्तीनंतर ९ वर्षांनी. जबरदस्त ऑक्सिडायझर आहे, सोन्याच्या खाणीतल्या सांडपाण्यातलं सायनाइड मारायला वापरतात, आणि त्याचाच क्षार स्विमिंग पूलच्या पाण्यात टाकतात. ६४ व्या वर्षी माणूस परत लॅबमध्ये जाऊन नवीन अ‍ॅसिड काढतो आणि मी ६० ला गुडघे धरून बसलोय.

गड्ड्याच्या यात्रेत पोरांना गुलाबी म्हातारीचे केस हवेच असतात. आता ऐकलं की त्यात कापडाचा रंग असतो. हे पण तुमच्या जर्मनांचंच का? आणि ओळखायचं कसं?
— एक आई, विडी घरकुल, सोलापूर

हो ताई, दुर्दैवानं त्याच कारखान्यातलं. गुलाबी रोडामाइन-बी हा बीएएसएफमध्ये १८८७ ला सेरेसोल यानं काढला, तेव्हा संशोधनाचा प्रमुख कारोच होता. दिसायला एवढा चमकदार की रेशमावर नजर ठरत नाही, आणि चिमूटभरात बादलीभर साखर गुलाबी होते, म्हणून विकणाऱ्याला परवडतो. खाण्यात याला परवानगी नाहीच. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटक दोन्हीकडं रंगीत म्हातारीच्या केसांवर बंदी आली ती याच रंगामुळं.

दुसरा पिवळा ऑरामीन, हा तर खुद्द कारो आणि केर्नचा, १८८३ चा. खाण्यात हाही बेकायदेशीर, तरी फुटाणे पिवळेधमक दिसावेत म्हणून घालणारे घालतात. हा बनवणाऱ्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. आणि हाच ऑरामीन आज टीबीच्या थुंकीच्या तपासणीत वापरतात, खास दिव्याखाली जंतू पिवळे चमकतात. रंग कुठल्या डब्यात आहे त्यावर सगळं, बघा.

ओळखायचं म्हणाल तर घरी खात्रीनं नाही ओळखता येत, ती लॅबची गोष्ट. पण पांढरे केस मागा, साखर ती साखरच. आणि फुटाणे ओल्या हाताला पिवळा रंग सोडत असतील तर परत करा, हळदीला कोणी एवढं भडक बघितलेलं नाही.

रंगाच्या धंद्याची ही बाजू कारोच्या काळात कोणी बघितली नाही. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नावाच्या सर्जननं पहिल्यांदा सांगितलं की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतायत. आणि ज्या देशानं हे रंग जगाला विकले त्या जर्मनीनंच १९९४ मध्ये कॅन्सरकारक अमाइन सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. आपल्याकडंही त्याच सुमारास एकूण ११२ रंग बंद झाले. टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्यांची तेव्हा काय धावपळ झाली होती, रोज एक नवीन सर्टिफिकेट, कोणाला काही कळेना कुठला डबा ठेवायचा आणि कुठला फेकायचा.

निळीचं काय? चंपारण्यातल्या निळीच्या मागं पण हाच कारो होता का?
— एमपीएससीचा एक विद्यार्थी, बाळे, सोलापूर

थोडासा. नीळ कृत्रिम करायचा ध्यास बायरचा, १८८० मध्ये त्याला जमलं आणि कारोनं ते कारखान्यात उतरवायला वर्षानुवर्षं डोकं फोडलं. पण बायरची वाट महागच पडली. शेवटी हॉइमान नावाच्या प्रोफेसरच्या १८९० च्या पद्धतीवरून बीएएसएफनं नीळ बाजारात आणली ती १८९७ ला, १ कोटी ८० लाख मार्क ओतून, आणि तेव्हा कारो कारभारातून बाहेर पडलेला होता. त्यातही मेख अशी की कच्चा माल डांबरगोळीच्या नॅप्थलीनपासून काढायचा होता आणि ती क्रिया काही पुढं सरकेना, तेवढ्यात एकाचा थर्मामीटर फुटून पारा आत पडला आणि क्रिया धडाधड व्हायला लागली. या धंद्यात निम्मं काम विसरभोळ्यांनी आणि फोडाफोड करणाऱ्यांनी केलंय असं वाटायला लागतं.

परीक्षेपुरतं एवढं लक्षात ठेव, जर्मन निळीमुळं आपल्या निळीचा भाव कोसळला, मळेवाल्या साहेबांनी कुळांना म्हटलं नीळ लावू नका पण त्या बदल्यात खंड वाढवून द्या, आणि मग १९१७ ला गांधीजी चंपारण्यात. कारो तोवर जाऊन सात वर्षं झाली होती, १९१० मध्ये ड्रेस्डेनला वारला.

(साखर पेठेतल्या मुलीच्या पत्राच्या मागच्या बाजूला वेगळ्या अक्षरात) साहेब, मी तिचा बाप. तिचं झालं की माझं पण एक सांगा. नॅपकिनची लाल बॉर्डर पांढऱ्यावर उतरालीय, व्यापारी माल परत पाठवालाय. रिअ‍ॅक्टिव्ह रंग आहे, चांगल्या कंपनीचा आहे. काय चुकतंय?

दादा, रंगाला दोष देऊ नका. माझाही एक अख्खा लॉट असाच परत आला होता, लाल बॉर्डर, पांढरं अंग, गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात सगळं गुलाबी. आठ दिवस मी रंगवाल्या कंपनीशी भांडत होतो आणि चूक माझी होती, डिलिव्हरीच्या घाईत मी सोपिंग, म्हणजे साबणाच्या गरम पाण्यातली धुलाई, अर्ध्यात उरकलं होतं.

रिअ‍ॅक्टिव्हमध्ये सगळा रंग सुताला जोडला जात नाही, काही पाण्याशीच जोडला जाऊन फुकट जातो, आणि तो फुकट गेलेला सुतावर नुसता बसून राहतो. तोच उतरतोय. लाल आणि नेव्ही ब्ल्यूमध्ये जास्त त्रास कारण रंग जास्त घालावा लागतो. आधी गार आणि मग कोमट पाण्यानं मीठ नीट काढा, मीठ राहिलं तर तो सुटा रंग सुताला चिकटूनच बसतो. मग अ‍ॅसेटिकनं खार, म्हणजे अल्कली, मारा. मग सोपिंग उकळीच्या जवळ, ९० च्या वर, एकदा नाही दोनदा, आणि मध्ये पाणी बदला. फिक्सर शेवटी लावा, सोपिंगच्या ऐवजी नको, पुष्कळजण तिथंच फसतात.

पाणी कुठलं वापरता ते लिहिलं नाही तुम्ही. बोअरचं असेल तर आधी हार्डनेस तपासून घ्या, आपल्याकडचं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, त्यात रंग आणि साबण दोन्हीचा चोथा होतो आणि कितीही धुतलं तरी निघत नाही, पाण्याचा जडपणा बांधून ठेवणारं सिक्वेस्टरिंग केमिकल घालावंच लागेल. तपासायला बाहेर जाऊ नका, पोरीला सांगा, टायट्रेशन येत असेल तिला.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवा, पण शेडकार्डाचे फोटो पाठवू नका, मोबाईलवर शेड कळत नाही.)